तळे खुले झाले, पाणी कोण पिणार? कोडवाचनाचा इतिहास आणि आपली मुले

संध्याकाळी सहाच्या सुमारास महापेला मिलेनियम बिझनेस पार्कच्या बाहेर उभे राहिले की दोन प्रकारची गर्दी दिसते. एक गर्दी गळ्यात कंपनीचे ओळखपत्र आणि पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन घणसोली-कोपरखैरणे स्टेशनाच्या रिक्षा पकडत असते. दुसरी गर्दी गणवेशातली असते. हाउसकीपिंग, सिक्युरिटी, कँटीन. ओळखपत्र त्यांच्याही गळ्यात असते, पण त्यावर नाव कंत्राटदाराचे असते. आम्ही या पट्ट्यात काही वर्षे सामाजिक काम करतो. दुसऱ्या गर्दीतली बरीच माणसे आम्हाला नावानिशी माहीत आहेत. दिघा, रबाळे, तुर्भे इथल्या वस्त्यांतून ती येतात आणि त्यातल्या कित्येकांचे आईबाप मराठवाड्यातून, 1972 च्या दुष्काळात किंवा त्यानंतर, मुंबईकडे आलेले. पहिल्या गर्दीतली आपली माणसे मात्र हाताच्या बोटांवर मोजावी लागतात.

आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत येणारी एक मुलगी यंदा बीएस्सी आयटी झाली. तिची आई याच पार्कमधल्या एका इमारतीत सफाईचे काम करते. मुलीला पहिल्याच मुलाखतीत विचारले, "तुमच्या प्रोजेक्टमधली ही ओळ काय करते?" तिला सांगता आले नाही. कारण प्रोजेक्ट तिने लिहिलेच नव्हते. ज्या क्लासची फी आईने हप्त्याने भरली, त्या क्लासने तयार प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर दिले होते आणि कॉलेजात तेच जमा झाले होते. ती रडली नाही. अभ्यासिकेत आली आणि म्हणाली, "दादा, मला कोड लिहिता येतो थोडा. वाचता येत नाही. कोणाचा वाचू?"

आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी. कोड हा आमचा विषय नाही. पण "कोणाचा वाचू" हा प्रश्न मात्र आमचाच आहे, कारण तो आपल्या समाजाने शतकानुशतके विचारला आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्ही या पोरांच्या बरोबरीने बसून थोडे शिकलो, थोडा इतिहास चाळला. ते इथे मांडतो आहोत.

धोटा आणि दोरा

आधी थोडे मागे जाऊ. मुंबईच्या कापड गिरण्यांत चांगला पगार साचेखात्यात होता, म्हणजे विणकामात. अस्पृश्य कामगाराला तिथे जागा नव्हती. कारण काय सांगितले जाई? धोट्यातला दोरा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, मग अस्पृश्याच्या तोंडाचा विटाळ सवर्ण कामगाराला होणार! गिरणी यंत्राची, मालक भांडवलदार, युनियन लाल झेंड्याची, पण धोटा मात्र मनूचा. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना नेमका हाच सवाल केला, की तुमच्या मागण्यांत साचेखाते खुले करण्याची मागणी का नाही? पुढे 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी दाखवून दिले की रेल्वेतही आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो.

मुद्दा लक्षात घ्या. आपल्या लोकांना कारखान्यात येऊ दिले होते. कौशल्य जिथे शिकायला मिळते त्या खात्यात येऊ दिले नव्हते. कौशल्य पुस्तकात नव्हते, ते शेजारच्या साच्यावर काम करणाऱ्या भावाबंदाकडे बघून यायचे. ज्याचा भाऊबंद तिथे नाही, त्याला बघायलाही मिळणार नाही.

आज महापेत धोटा नाही. विटाळाची भाषा कोणी उघड बोलत नाही. पण सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आठवा. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांत. दलित आडनावाच्या अर्जाला पुढे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावापेक्षा कमी निघाली. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. आणि संगणकाच्या धंद्यातही कौशल्याचा मोठा भाग आजही शेजारी बसूनच येतो. ज्याचा मामा, ज्याची ताई इंजिनियर आहे त्याला घरीच कोणीतरी सांगते, "हे असे लिहू नकोस, हे बघ." आपल्या मुलीला कोण सांगणार?

इथे खुल्या कोडचा प्रश्न आपला प्रश्न होतो. जगातल्या उत्तम कारागिरांचे काम आज उघड्यावर पडलेले आहे. मामा इंजिनियर नसला तरी ते बघता येते. पण ते उघडे कसे झाले, हे समजल्याशिवाय त्यातले काय वाचावे हेही कळणार नाही.

झेरॉक्सवर वाचलेला कोड

1976 साली ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली बनवली होती. लायन्स यांनी तिच्या सहाव्या आवृत्तीचा गाभ्याचा संपूर्ण कोड विद्यार्थ्यांसाठी छापला. नऊ हजारांच्या आसपास ओळी, प्रत्येकीला क्रमांक. सोबत दुसरे पुस्तक, त्यात कोडचे भाग घेऊन त्यांनी टीका लिहिली. टीका म्हणजे आपल्या जुन्या अर्थाने, मूळ संहितेवरचे भाष्य. हे काय करते, असे का केले, कुठे खटकते.

नऊ हजार ओळी का महत्त्वाच्या? कारण तेवढे एका माणसाला एका सत्रात वाचून संपवता येते. पूर्ण यंत्र, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका डोक्यात मावते.

मग काय झाले? 1979 मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली आणि मालक कंपनी एटी अँड टी हिने परवान्यात अट घातली की कोड वर्गात शिकवायचा नाही. वापरा, पण शिकवू नका! आम्ही ही अट पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला. ज्ञान कोणी घ्यावे आणि कोणी घेऊ नये याचे कायदे करणारी माणसे आपल्याच देशात होतात असे आम्हाला वाटत होते. शंबुकाचा अपराध काय होता, एकलव्याचा अंगठा कशासाठी मागितला गेला, हे ज्याला माहीत आहे त्याला या अटीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तरीही फरक सांगायला हवा, नाहीतर आपण खोटे बोलू. ती अट धंद्याची होती, जन्माची नव्हती. ती मोडणाऱ्याला नोटीस आली असती, त्याचा अंगठा गेला नसता. पण कुलूप कोणी का लावलेले असेना, बाहेर उभ्या असलेल्याला ते सारखेच दिसते.

विद्यार्थ्यांनी काय केले? झेरॉक्स काढली. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स. अक्षरे पुसट होत गेली आणि वाचणारे वाढत गेले. जवळजवळ वीस वर्षे हे पुस्तक जगभर असे फिरले. 1996 मध्ये ते रीतसर छापून आले. दोन वर्षांनी लायन्स गेले.

त्या बंदीतूनच पुढचा रस्ता निघाला. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांना युनिक्स शिकवता येईना, म्हणून त्यांनी शिकवण्यासाठी स्वतःची छोटी प्रणाली लिहिली, मिनिक्स, आणि 1987 मध्ये पुस्तकासोबत तिचा कोड दिला. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने मिनिक्स अभ्यासली आणि 1991 मध्ये स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. ती लिनक्स. पहिली आवृत्ती दहा हजार ओळींच्या घरातली. आज तोच कोड तीन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे. महापेच्या इमारतीतले सर्व्हर आणि तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन, दोन्ही त्यावर चालतात.

बोले ठराव आणि महाडचा रस्ता

या दरम्यान अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला. एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या प्रिंटरचा प्रोग्राम दुरुस्त करायचा होता आणि त्याचा मूळ कोड त्यांना नाकारला गेला, ही त्यामागची एक ठिणगी. 1989 मध्ये त्यांनी जीपीएल हा परवाना लिहिला. त्यामागे चार स्वातंत्र्ये आहेत, शून्यापासून मोजलेली. क्रमांक शून्य, प्रोग्राम चालवण्याचे. क्रमांक एक, तो कसा चालतो याचा अभ्यास करण्याचे आणि तो बदलण्याचे. पुढची दोन वाटण्याची. म्हणजे अभ्यासाचा हक्क इथे कायद्याच्या भाषेत लिहिला गेला.

पण कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांत अंतर असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? 1923 मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातले सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे खुले! आणि तीन वर्षे कोणी पाण्याला हात लावू शकले नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो ठराव खरा झाला. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला 1937 उजाडले.

परवाना हा बोले ठराव आहे. तो हवाच, त्याच्याशिवाय लढाईला पाय ठेवायला जागा नाही. पण "सगळे इंटरनेटवर फुकट आहे, ज्याला शिकायचे तो शिकतो" असे जेव्हा कोणी आपल्या मुलांना ऐकवतो, तेव्हा तो 1924 सालचा नगरपालिकेचा कारकून बोलत असतो. तळे खुले आहे हो, पण रस्ता? इंग्रजीचा काठ, लॅपटॉपचा खर्च, दिवसभराच्या कामानंतरची दमलेली रात्र आणि "हे आपल्यासाठी नाही" ही आतून येणारी कुजबूज. आम्हाला तरी यात शेवटची भिंत सगळ्यांत उंच वाटते.

ती भिंत तोडायला एक गोष्ट सांगतो. युनिक्सच्या त्या सहाव्या आवृत्तीत एका अवघड जागी लिहिणाऱ्याने शेरा टाकला आहे, की हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही. तो शेरा पुढे जगभर प्रसिद्ध झाला. वाचणाऱ्या पोरांना तो उद्धटपणा वाटला. नंतर रिची यांनी खुलासा केला. त्यांना म्हणायचे होते, हे परीक्षेत येणार नाही. आणि पुढे त्यांनी कबूलही केले की तिथे नेमके काय चालले आहे हे त्या वेळी आम्हालाही नीट कळले नव्हते. तो भाग चुकीचा होता, पुढे बदलावा लागला.

ज्यांनी लिहिले त्यांनाही पूर्ण कळले नव्हते! कोड म्हणजे अपौरुषेय वेद नव्हे. माणसाने लिहिला, माणसाने चुकवला, माणसाने दुरुस्त केला. एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. तरी पुढे स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकून त्यांनी पुरुषसूक्तापासून मनुस्मृतीपर्यंतची मूळ संहिता तपासली आणि 1946 मध्ये शूद्र कोण होते या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. जातिव्यवस्थेचा सोर्स कोड वाचणारा तो माणूस. आधी वाचले, मग प्रश्न विचारले. आपली वाचण्याची परंपरा ही आहे, पाठांतराची नव्हे.

मग कोणता निवडायचा?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. वरच्या इतिहासातून आम्हाला निवडीच्या काही कसोट्या सापडल्या. प्रसिद्धी ही त्यातली कसोटी नाही. तीन कोटी ओळींची लिनक्स उघडून बसणारा पोरगा दोन दिवसांत बंद करतो आणि दोष स्वतःला देतो. दोष निवडीचा असतो.

पहिली कसोटी: आपण रोज वापरतो तेच वाचावे. जे यंत्र बाहेरून ओळखीचे आहे त्याच्या आत शिरणे सोपे. पायथन शिकणाऱ्याने पायथनसोबत येणारी ग्रंथसंपदा, म्हणजे स्टँडर्ड लायब्ररी, उघडावी. तिचा बराच भाग पायथनमध्येच लिहिलेला आहे आणि तो तुमच्या संगणकात आधीच आहे. इंटरनेटचीही गरज नाही. आमच्या अभ्यासिकेने टेक्स्टरॅप नावाचा छोटा विभाग घेतला. लांब मजकूर ठराविक रुंदीच्या ओळींत तोडायचा, एवढेच त्याचे काम. काही शे ओळी, आणि टिपा भरपूर.

दुसरी: एका महिन्यात संपावा इतका लहान असावा. लायन्स यांचे नऊ हजार ओळींचे माप ही वरची मर्यादा समजा. ज्याला संगणकप्रणाली आतून बघायची आहे त्याच्यासाठी एमआयटीने 2006 पासून शिकवण्यासाठी वापरलेली एक्सव्ही-सिक्स आहे. ती त्या सहाव्या आवृत्तीच्याच धर्तीवर नव्याने लिहिलेली, आणि सोबत तिचे भाष्यही मोफत मिळते. लायन्स यांची झेरॉक्स आज या रूपात जिवंत आहे.

तिसरी: ज्याचा इतिहास जपलेला आहे, तो निवडावा. पूर्ण झालेली इमारत बघून गवंडीकाम शिकता येत नाही, पाया खणताना बघावे लागते. गिट हे साधन घ्या. 2005 मध्ये लिनक्सची मंडळी बिटकीपर नावाचे खाजगी मालकीचे साधन फुकटात वापरत होती. ती सवलत काढून घेतली गेली. पुन्हा तीच गोष्ट, महाडच्या नगरपालिकेसारखी: दिलेले परत घेतले. मग टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांत स्वतःचे साधन लिहायला घेतले. 7 एप्रिल 2005 ची गिटमधली पहिली नोंद आजही उघडता येते. हजार-बाराशे ओळी. आज जगभर ज्यावर काम चालते त्याची कल्पना त्या पहिल्या दिवसाच्या कोडमध्ये उघडी दिसते. मग एकेक नोंद पुढे सरकावे: काय बदलले, कोणी बदलले, का बदलले. हा इतिहासाचाच अभ्यास आहे. ज्याला बखर आणि दस्तऐवज यांतला फरक कळतो, त्याला हे जमते.

चौथी: ज्याच्या चाचण्या लिहिलेल्या आहेत, तो निवडावा. चाचणी म्हणजे, हे दिले तर ते मिळाले पाहिजे, अशी लिहून ठेवलेली अट. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस बहुतेक प्रत्येक मोबाइलमध्ये असतो. 2000 साली रिचर्ड हिप यांनी सुरू केला. त्याच्या चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या कितीतरी पट आहे. तो पूर्ण वाचायला सांगत नाही, ते नवशिक्याचे काम नाही. पण त्याच्या दोन-चार चाचण्या वाचा, म्हणजे चांगला कारागीर स्वतःवर किती संशय घेतो ते कळेल.

पाचवी: ज्याच्या चर्चा उघड्या आहेत, तो निवडावा. कोणी बदल सुचवला, कोणी नाकारला, कारण काय दिले. ज्या मुलीला "हे असे लिहू नकोस, हे बघ" म्हणणारी ताई घरात नाही, तिला ती ताई या चर्चांत भेटते. साचेखात्यात भावाबंदाच्या शेजारी उभे राहून जे कळे, ते इथे लिहून ठेवलेले आहे.

'भीम' किती अक्षरांचा?

सहावी कसोटी आमची स्वतःची आहे, आणि तिच्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला: ज्यात आपली भाषा अडखळते असा कोड निवडा.

टेक्स्टरॅप वाचताना पोरांनी मराठी मजकूर घालून पाहिला. ओळी वेड्यावाकड्या तुटल्या. का? त्या मुलीनेच शोधले. पायथनला 'भीम' या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर येते तीन. भ, दीर्घ वेलांटी, म. 'बुद्ध' पाच आणि 'संविधान' सात. यंत्र अक्षरे मोजत नाही, संकेतांक मोजते, आणि वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त या सगळ्यांना वेगळा अंक आहे. इंग्रजीत हा फरक कधी जाणवत नाही, म्हणून लिहिणाऱ्याला तो दिसला नाही. त्यात कपट नाही. पण आपण त्या खोलीत नव्हतो म्हणून आपले अक्षर चुकीचे मोजले गेले, हे खरे.

याहून गंभीर उदाहरण आहे. 'ॲट्रॉसिटी' हा शब्द घ्या. आपल्या चळवळीत तो रोजचा आहे. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचा संकेतांक 2008 मध्ये, 5.1 या आवृत्तीत मिळाला. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र जोडत, आजही बरेच जण तसेच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि युनिकोडचे नेहमीचे एकरूपीकरणही त्यांना एक करत नाही. 'शेतकऱ्याचा आसूड' या महात्मा फुल्यांच्या ग्रंथाच्या नावातला ऱ्य असाच दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीने लिहिलेले दुसऱ्या पद्धतीने शोधले तर साधा शोध "सापडले नाही" म्हणतो. कागदपत्रे आहेत, निकाल आहेत, लेख आहेत, आणि शोधणाऱ्या कार्यकर्त्याला सांगितले जाते की काही नाही!

हे दुरुस्त करायला फार मोठा इंजिनियर लागत नाही. लागतो तो कोड वाचू शकणारा आणि मराठी जाणणारा माणूस. आयआयटी मुंबईतल्या संशोधनातून आलेली इंडिक एनएलपी लायब्ररी खुली आहे, तिच्यात देवनागरी एकसारखी करण्याचा वेगळा भाग आहे. तो उघडा, 'ॲ' चे तिथे काय केले आहे ते बघा आणि तुम्हाला पटते का ते ठरवा. पटले नाही तर कारणासकट लिहा. इथे तुम्ही शिकाऊ नाही, जाणकार आहात.

वाचायचे कसे, आणि दोन आक्षेप

पद्धत लायन्स यांचीच. आम्ही काही पाने छापून झेरॉक्स काढली, कारण संगणक दोन आणि पोरे अकरा. ओळींना क्रमांक घातले. आधी प्रोग्राम चालवून बघायचा. मग एकच वाट धरायची: ही माहिती आत गेली, कुठून कुठे गेली, बाहेर काय आले. एखादी ओळ मुद्दाम बदलून काय मोडते ते पाहायचे. आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या पानाचे भाष्य मराठीत लिहायचे. मराठीत, कारण जे स्वतःच्या भाषेत सांगता येत नाही ते कळलेले नसते. पाया कच्चा असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतून धडे आहेत. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तर खाडीच्या पलीकडेच आहे, तिथेही खुल्या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षे काम झाले आहे.

आक्षेप पहिला: आता एआय कोड लिहून देतो, मग वाचायचे कशाला? उत्तर सोपे आहे. पेन ड्राइव्हवर तयार प्रोजेक्ट देणारा क्लास आणि एआय यांत, न वाचणाऱ्यासाठी काहीच फरक नाही. मुलाखतीत प्रश्न तोच येईल, "ही ओळ काय करते?" लिहून देणारे जितके वाढतील तितकी वाचून चूक पकडणाऱ्याची किंमत वाढेल.

आक्षेप दुसरा आपल्याच कार्यकर्त्यांचा: खुल्या कोडवर फुकट राबायचे आणि नफा मोठ्या कंपन्यांनी घ्यायचा, ही नवी वेठबिगारी नव्हे काय? हा आक्षेप आम्ही झटकून टाकत नाही. फुकट राबायला वेळ कोणाकडे असतो, हा वर्गाचा आणि जातीचा प्रश्न आहेच. म्हणून आम्ही वाचा म्हणतो, राबा म्हणत नाही. वाचण्याने आपले काही जात नाही, येतेच. आपले काम द्यायची वेळ येईल तेव्हा परवाना वाचून द्या. जीपीएल म्हणते, बदललेले पुढे दिलेत तर तेही खुलेच ठेवा. काही परवाने तेवढे बांधत नाहीत. कोणाला काय द्यायचे हे ठरवायलाही आधी वाचता यावे लागते.

आणि एक भ्रम बाळगू नका. कोडवाचनाने जात जाणार नाही. थोरात-अटवेल यांच्या अभ्यासातली ती आडनावे अर्जावर राहणारच आहेत. खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची लढाई वेगळी आहे, ती चालूच ठेवली पाहिजे. पण 1928 ची मागणी फक्त पगाराची नव्हती. साचेखाते उघडा, आम्हालाही विणता येते, अशी ती होती. दार ठोठावणाऱ्या हाताला विणता येत असेल तर त्या ठोठावण्याला वजन येते.

त्या मुलीला नोकरी लागली का, असे वाचक विचारतील. अजून नाही. दोन मुलाखती झाल्या, तिसरी व्हायची आहे. पण परवा रविवारी वंदना झाल्यावर ती नव्या पोरांना घेऊन बसली होती. फळ्यावर 'भीम' लिहिले आणि विचारले, "किती अक्षरे?" सगळे ओरडले, "दोन!" ती म्हणाली, "यंत्र तीन म्हणते. का, ते उद्या वाचून या," आणि प्रत्येकाच्या हातात झेरॉक्सचे एकेक पान दिले.

मित्रहो, तुमच्या विहारात, तुमच्या अभ्यासिकेत अशी एक झेरॉक्स या महिन्यात निघू द्या. तळे खुले आहे. ओंजळ आपली लागते.

जय भीम!